दम्याची वंशवेल कशी लिहावी

“घरात कोणाला दमा आहे का?” या प्रश्नाला आमच्याकडे वर्षानुवर्षे “आजोबांना होता” एवढेच उत्तर दिले जाई. भाचीच्या वेळी डॉक्टरांनी पुढचे विचारले, कितव्या वर्षापासून, आणि आम्ही सगळे गप्प झालो. म्हणून घराण्यात कोणाला त्रास आहे ते दाखवणाऱ्या वंशवेलीचा कागद आधीच तयार ठेवावा. आम्हा इंदूरकरांना महालक्ष्म्यांसारखी वेळ नाही, कारण तेव्हा रामबागेतल्या घरी आत्या, काकू आणि आजोळची माणसेही जमतात.

पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ काढावे. ज्यांना त्रास आहे त्यांची आकृती भरून टाकावी. नवरा-बायको नात्यातले असतील, म्हणजे मामेबहीण-आतेभाऊ असे लग्न झाले असेल, तर त्यांना दुहेरी रेघेने जोडावे. सिस्टिक फायब्रोसिससारखा (फुफ्फुसांत घट्ट, चिकट कफ साठवणारा) आजार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच होतो, आणि नात्यातल्या दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे ही रेघ महत्त्वाची आहे. एखाद्या मुलाचा घाम फार खारट असेल, वजन वाढत नसेल आणि छातीचा संसर्ग वारंवार होत असेल, तर तेही न विसरता लिहावे.

प्रत्येक नावापुढे त्रास सुरू झाला तेव्हाचे वय लिहावे. माझ्या मते संपूर्ण कागदात हीच नोंद सर्वांत मोलाची आहे. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरातील पेशी केवळ भिंतीसारख्या उभ्या नसतात. धूर, धूळ किंवा विषाणू लागताच त्या टीएसएलपी आणि आयएल-३३ यांसारखे इशारा देणारे रेणू सोडतात, आणि त्यांच्या हाकेने प्रतिकारपेशी धावून येऊन सूज चढते. ही हाक किती सहज आणि किती मोठ्याने दिली जाईल, यात जनुकांचा वाटा असतो. १७व्या गुणसूत्रावरील ओआरएमडीएल३ या जनुकाच्या परिसराचा दम्याशी असलेला संबंध २००७ साली पुढे आला, आणि तो मुख्यत्वे लहानपणी सुरू होणाऱ्या दम्याशी आहे. पन्नाशीत धाप लागू लागलेले काका आणि तिसऱ्या वर्षी छातीत सूं-सूं वाजणारी भाची यांना म्हणूनच एकाच रकान्यात घालू नये.

“सर्दी झाली की छातीत उतरते का?” हेही विचारावे. सीडीएचआर३ या जनुकाच्या एका प्रकारामुळे ऱ्हायनोव्हायरस-सी या सर्दीच्या विषाणूला अस्तराच्या पेशींत शिरणे सोपे जाते, आणि असा प्रकार असलेल्या लहान मुलांना दम्याचे तीव्र झटके येण्याचा धोका अधिक असतो. इसब आणि सततच्या शिंका यांचीही नोंद करावी. घरात विडी-सिगारेट कोण ओढत असे, चूल किती वर्षे पेटत होती, हेही लिहावे, कारण वारशाने आलेला कल आणि धूर एकत्र आले की त्रास वाढतो. (आमच्या आत्याला दम्यापेक्षा चूल आधी आठवली.)

कोणाला कोणत्या पंपाने आराम पडला, हे शेवटी लिहावे. रोज घ्यावयाच्या पंपातील स्टेरॉइड अस्तराच्या पेशींच्या केंद्रकापर्यंत जाऊन सूज आणणाऱ्या जनुकांचे काम मंदावते. त्याचा पुरता परिणाम दिसायला दिवस, कधी आठवडे लागतात. “दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडला” असे कोणी सांगितल्यास ते तसेच नोंदवावे.

ज्यांच्याविषयी कोणालाच माहिती नाही, त्यांच्या आकृतीत प्रश्नचिन्ह काढावे. तिथे “नाही” लिहू नये.