चिंचोके, साखळी आणि अरबी वाचन

दुबई-शारजात वाढणारी अनेक मराठी मुलं शाळेत अरबी शिकतात. 28 अक्षरं लवकर तोंडपाठ होतात, पण पुस्तक उघडलं की गाडी अडते. शब्दात शिरलं की अक्षराचं रूप बदलतं, तिथेच मूल गोंधळतं. म्हणून खेळ सुट्या अक्षरांचा नको, जोडलेल्या शब्दांचा हवा.

सुरुवात चिंचोक्यांनी करा. बा, ता, था, नून, या ही अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये आली की बहुधा एकाच दातासारखी दिसतात. ओळखायचं ते ठिपक्यांवरून. पुठ्ठ्यावर उजवीकडून डावीकडे दोन दात आणि शेवटी होडीसारखं ता, असा बिनठिपक्यांचा सांगाडा काढा. पहिल्या दाताखाली एक चिंचोका, दुसऱ्याखाली दोन, होडीवर दोन. झालं बैत, म्हणजे घर. आता मधल्या दाताखालचे दोन्ही उचला आणि वर एकच ठेवा. बिन्त, म्हणजे मुलगी! हे प्रत्येक मुलाने स्वतःच्या बोटांनी करायला हवं. घाई करू नका, मी आठवडाभर दुसरं काही घेत नाही.

मग साखळी. मुलांच्या पाठीवर अक्षरांची कार्डं लावा आणि त्यांना फळ्याकडे तोंड करून उभं करा, म्हणजे त्यांची उजवी-डावी बसलेल्यांशी जुळते. पहिलं अक्षर उजवीकडे; प्रत्येकाने डावा हात पुढच्याला द्यायचा. पण अलिफ, दाल, धाल, रा, ज़ाय, वाव हे सहाजण डावा हात खिशात ठेवतात. ‘बैत’ची साखळी सलग होते. ‘दार’ उभं करा (अरबीत याचाही अर्थ घर): दाल, अलिफ, रा, तिघेही सुटे. वर्गाने शब्द मोठ्याने वाचला तरच गुण.

तिसऱ्या खेळाला चिठ्ठ्या पुरतात. खबर, वकील, कलम, हिसाब असे शब्द अरबीत लिहा. ओळखीचा शब्द सापडला की टाळी. ‘हिसाब’ वाचताना ‘अरे, हा तर आपला हिशेब!’ असं एखादं मूल ओरडतं, तेव्हा त्याची भीती गेलेली असते.

फतहा, कसरा, दम्मा या स्वरखुणा चिठ्ठीवर लिहू नका. वर ठेवलेल्या पारदर्शक प्लास्टिकवर लिहा. वर्तमानपत्रात या खुणा सहसा नसतात. शब्द दोनदा नीट वाचला, की प्लास्टिक उचला आणि तीच चिठ्ठी पुन्हा वाचायला द्या.