वाचकाच्या अंगठ्याने पुढे सरकणारी कथा कशी लिहावी

विश्वामित्री नदीला पूर येतो तेव्हा बडोद्यात पाण्याआधी मेसेज पोहोचतात. आजवा धरणातून पाणी सोडले, अमुक पूल खचला, तमुक सोसायटीत मगर शिरली. यांतले खरे किती हे कळण्याआधीच ते चार गटांत गेलेले असतात. या अनुभवावर सरळ कथा लिहिली तर वाचक मेसेज पाठवणाऱ्या पात्राला दोष देऊन मोकळा होतो. मेसेज पुढे पाठवायचा की नाही हे वाचकालाच ठरवावे लागले, तेही रोज ज्या मोबाइलवरून तो मेसेज पाठवतो त्याच मोबाइलवर अंगठा ठेवून, तर मात्र त्याला अशी पळवाट उरत नाही. तंत्रज्ञानाने माणसाच्या सवयी कशा बदलल्या हे सांगण्यासाठी परस्परसंवादी, म्हणजे वाचकाच्या निर्णयांनी पुढे सरकणाऱ्या, कथेइतका योग्य प्रकार मला दुसरा दिसत नाही.

सुरुवात कागदावर करावी. एक प्रसंग घ्यावा, एक रात्र घ्यावी आणि वाचकाने घ्यायचे निर्णय फक्त तीन-चार ठेवावेत. याचे कारण साधे गणित आहे. प्रत्येक वळणावर दोन वाटा दिल्या आणि त्या पुन्हा कधीच एकत्र आणल्या नाहीत, तर पाच वळणांनंतर ३२ शेवट आणि एकूण ६३ भाग लिहावे लागतात. दहा वळणांनंतर शेवटच १,०२४ होतात. म्हणून फुटलेल्या वाटा काही अंतरावर पुन्हा एका ठिकाणी आणाव्यात. पुराच्या कथेत हे आपोआप साधते, कारण कोणी काहीही केले तरी मध्यरात्री काळा घोडा पुलापाशी पाणी चढणारच असते. वाटा एकत्र आल्या तरी वाचकाने आधी काय केले ते कथेने विसरता कामा नये. त्याची सोय पुढे सांगतो.

कागदावरचा आराखडा पक्का झाला की ट्वाइन हे साधन उघडावे. ख्रिस क्लिमस यांनी २००९ साली तयार केलेले हे साधन विनामूल्य आहे आणि ते ब्राउझरमध्येही चालते. कथेचा प्रत्येक भाग पडद्यावर एका चौकोनात दिसतो. मजकुरात दुहेरी चौकटी कंसात शब्द लिहिला की त्याची लिंक बनते आणि त्या नावाचा नवा चौकोन आपोआप तयार होतो. [[मेसेज पुढे पाठवायचा->पूल]] असे लिहिल्यास वाचकाला बाणाच्या डावीकडील शब्द दिसतात आणि तो ‘पूल’ नावाच्या भागात जातो. एवढ्यावर पहिली पूर्ण कथा लिहून होते.

कथेला स्मरणशक्ती देण्यासाठी व्हेरिएबल, म्हणजे बदलता आकडा लक्षात ठेवणारी नाव दिलेली जागा, वापरतात. वाचकाने मेसेज पाठवला की ‘सेट’ या आज्ञेने एक आकडा वाढवावा आणि पुढच्या भागात ‘इफ’ या आज्ञेने तो तपासून वेगळे वाक्य दाखवावे. येथे प्रत्यक्षातले नियम कथेत आणता येतात. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच संभाषणांत मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला, दुहेरी बाण असलेला मेसेज एका वेळी एकाच संभाषणात पाठवता येतो. तुमच्या कथेतही हा दुहेरी बाण उमटू द्यावा. एकच जागा उरली असता वाचक कोणाची निवड करतो यातून त्याच्याविषयी पुष्कळ कळते.

मराठी लेखकाची खरी कसोटी लागते ती व्याकरणात, आणि याविषयी मला कोठेही तयार मार्गदर्शन मिळाले नाही. इंग्रजीत अशा कथा वाचकाला ‘तू’ म्हणून सहज लिहिल्या जातात. मराठीत ‘तू गेलास’ म्हटले की वाचक पुरुष ठरतो आणि ‘गेलीस’ म्हटले की स्त्री. यावर तीन उपाय आहेत. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ वापरावा, कारण ‘तू दार उघडलेस’ यात क्रियापदाचे रूप ‘दार’ या शब्दानुसार ठरते आणि वाचकाचे लिंग उघड होत नाही. भविष्यकाळ वापरावा: ‘तू जाशील’ दोघांनाही चालते. लिंकमध्ये ‘उघडतो’ किंवा ‘उघडते’ न लिहिता ‘दार उघडायचे’ असे लिहावे. ‘तुम्ही’ वापरल्यास अडचण बरीचशी टळते, पण पुराच्या रात्री घरातले कोणी ‘तुम्ही’ म्हणत नसते आणि जवळीक हरवते. यापेक्षा वाचकाची भूमिका एखाद्या ठरावीक पात्राला, उदाहरणार्थ एका स्त्रीला, देऊन टाकणे मला अधिक आवडते. मग गुजराती शेजारी तिला ‘बेन’ म्हणून हाक मारू शकतात आणि बडोद्याचा मराठी संसार खरा वाटू लागतो.

मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधील लेखन ब्राउझरमध्ये निरर्थक चिन्हांसारखे दिसते. वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडू नयेत म्हणून ओळींमधील अंतर १.७ च्या आसपास ठेवावे.

जतन करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. ब्राउझरमध्ये लिहिलेली कथा त्या ब्राउझरच्याच साठ्यात राहते आणि तो साठा पुसला की कथाही जाते. सार्वजनिक संगणकावर लिहिलेली माझी एक अर्धी कथा अशीच गेली. दर बैठकीनंतर फाइल उतरवून घ्यावी आणि ‘प्रूफ’ची सोय वापरून सगळे भाग कागदावरही छापावेत. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने फ्लॅश या ब्राउझरमध्ये ॲनिमेशन आणि खेळ चालवणाऱ्या तंत्राचा आधार काढून घेतला तेव्हा जगभरातल्या असंख्य परस्परसंवादी कलाकृती ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या, हे विसरू नये. ट्वाइनची कथा मात्र एकाच एचटीएमएल फाइलमध्ये, म्हणजे साध्या वेबपानाच्या फाइलमध्ये, मावते. ती इच डॉट आयओ या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवता येते.

तत्पूर्वी तीन वाचकांना ती वाचायला द्यावी, त्यांतला एक मोबाइलवर फारसे न वाचणारा असावा. त्यांच्याशेजारी गप्प बसावे, काहीही समजावून सांगू नये आणि अंगठा कोठे थबकतो ते टिपून घ्यावे. जेथे तिघेही न थांबता एकच पर्याय निवडतात तेथे तो निर्णय मुळात निर्णयच नव्हता असे समजून तो भाग पुन्हा लिहावा. माझ्या कथेत पूल खचल्याचा मेसेज अनोळखी क्रमांकावरून येत होता आणि सगळे तो सोडून देत होते. तोच मेसेज मी नदीकाठी राहणाऱ्या मामाच्या नावावर टाकला, तेव्हा पहिला वाचक बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला.