जुन्या सरप्लस रायफलचे पार्ट अडकलेत? या चुका टाळा

सैन्याच्या गोदामातून निघालेली रायफल हातात आली की पहिला त्रास ठरलेला, काहीतरी अडकलेलं असतं, बोल्ट (काडतुसाच्या मागे नळी बंद करणारा सरकता भाग) उघडत नाही नाहीतर स्क्रू हलत नाही, आणि मग हात आपोआप हातोडीकडे जातो. तिथेच नुकसान होतं. अडकलेला पार्ट बहुतेक वेळा तीन कारणांपैकी एकाने अडकलेला असतो: वाळून कडक झालेलं ग्रीस, गंज, किंवा तुम्ही तो चुकीच्या क्रमाने काढताय. यातलं कुठलं कारण आहे ते कळेपर्यंत जोर लावू नका, कारण तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

त्याआधी एक गोष्ट, यात अजिबात हयगय नको. बोल्ट बंद अवस्थेत अडकला असेल तर आत काडतूस आहे असंच धरून चाला. विकणाऱ्याने रिकामी आहे सांगितलं तरी. मॅगझिन निघत असेल तर काढा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा, ट्रिगरला हात लावू नका, आणि अशी रायफल न ठोकता लायसन्सवाल्या गनस्मिथकडे द्या. लायसन्स आणि दुरुस्तीचे तुमच्याकडचे नियमही आधी बघून घ्या.

आता ग्रीसचं बघू. गोदामात ठेवताना रायफलला कॉस्मोलिन नावाचं मेणासारखं घट्ट ग्रीस फासलेलं असतं आणि पन्नास साठ वर्षांत ते वाळून पिवळट तपकिरी, जवळपास वार्निशसारखं होतं. वरून पुसलं की रायफल स्वच्छ दिसते आणि लोक तिथेच थांबतात, ही सगळ्यात कॉमन चूक. बोल्टच्या आत, एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) खाली, मॅगझिनच्या स्प्रिंगमध्ये, स्क्रूच्या भोकात ते तसंच बसलेलं असतं. धातूचे पार्ट सुटे करून उकळत्या पाण्यात टाका, ते पातळ होऊन निघतं, उरलेलं मिनरल स्पिरिटने (रंग पातळ करायच्या द्रवाने) काढा आणि लगेच कोरडं करून तेलाचा पातळ हात फिरवा, नाहीतर तासाभरात गंजाची लाल झाक येते. पेट्रोल वापरू नका, बंद खोलीत तर अजिबात नको, वाफ लगेच पेट घेते.

एसकेएस या मूळ सोव्हिएत सेमी-ऑटोमॅटिक रायफलवाल्यांनी हे जास्त लक्ष देऊन वाचा. त्या रायफलचा फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटून गोळी उडवणारी सुई, बोल्टमध्ये मोकळा असतो, बहुतेकांत मागे ढकलणारी स्प्रिंगच नसते. ग्रीसमुळे पिन पुढे आलेल्या अवस्थेत चिकटला तर बोल्ट बंद होताना तोच प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या ठिणगीच्या टोपीवर) आपटतो आणि ट्रिगर न ओढता गोळी सुटते, कधी कधी एकामागून एक. बोल्ट पूर्ण सुटा करून साफ करा आणि जोडल्यावर कानाजवळ धरून हलवा, पिनचा खुळखुळ आवाज स्पष्ट आला पाहिजे. नाही आला तर परत खोला, गोळी भरायचा विचारही करू नका.

मोसिन-नागां या जुन्या रशियन रायफलचा बोल्ट अडकतो ही तक्रार तर सगळीकडे. इथे आधी एवढंच बघा की रायफल रिकामी असताना बोल्ट नीट फिरतो का. रिकामी असताना सहज फिरतो आणि चार गोळ्या झाडल्यावर तळहाताने मारल्याशिवाय उघडत नाही, तर बहुतेक वेळा दोष बोल्टचा नसून चेंबरचा (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेचा) असतो, नळी तापली की चेंबरच्या भिंतीवरचं जुनं ग्रीस मऊ होतं आणि रिकामं काडतूस त्यात चिकटतं. चेंबरपेक्षा थोडा मोठा ब्राँझ ब्रश सॉल्व्हंट लावून मागच्या बाजूने आत घाला, ड्रिलवर हळू फिरवा, चिंधीने पुसा, आणि चिंधी स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहा. सँडपेपर घालून चेंबर चकचकीत करणारे लोक आहेत, तसं करू नका, चेंबर मोठं झालं की ते परत लहान होत नाही. रिकामी असतानाच बोल्ट जड असेल तर मात्र लॉकिंग लग्जच्या (बोल्ट बंद धरून ठेवणाऱ्या उंचवट्यांच्या) खाचेत आणि कॉकिंगच्या उतारावर (ज्यावरून पिन मागे ओढला जातो) घाण किंवा धातूची बारीक कणी आहे का बघा.

त्याच बोल्टची आणखी एक गोष्ट. साफ करून जोडताना फायरिंग पिनच्या मागच्या टोकावरची खूण कॉकिंग पीसवरच्या (बोल्टच्या मागच्या गोल मुठीवरच्या) खुणेशी जुळली पाहिजे. मग पिन पुढे किती येतो ते मोजा. मोसिनच्या मूळ पान्यावर त्यासाठी 75 आणि 95 अशा दोन खाचा असतात, पिनचं टोक 75 च्या खाचेला टेकलं पाहिजे आणि 95 च्या खाचेला टेकता कामा नये. जास्त बाहेर आला तर प्रायमर फोडतो, कमी आला तर गोळी फुसकी जाते.

स्क्रूंच्या बाबतीत घरातला टोकाकडे निमुळता होत जाणारा स्क्रूड्रायव्हर हा खरा शत्रू. तो खाचेत वरच्या वर बसतो, घसरतो आणि खाच फाडतो. समांतर पात्याचा, खाचेची पूर्ण रुंदी भरणारा घ्या. पेनिट्रेटिंग ऑइल घालून रात्रभर सोडा, पितळी पंचने डोक्यावर हलके ठोके द्या, आधी किंचित आवळा आणि मग सोडवा, एवढ्याने बरेच सुटतात. तरीही हटला नाही तर सोल्डरिंग आयर्नचं टोक फक्त स्क्रूच्या डोक्याला लावा.

गॅसच्या ज्वालेची टॉर्च लावू नका. बोल्ट आणि रिसीव्हरचं (बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य सांगाड्याचं) पोलाद ठराविक उष्णतेवर कडक केलेलं असतं आणि ते एकदा बिघडलं की बाहेरून काही दिसत नाही. अमेरिकन स्प्रिंगफील्ड 1903 चं उदाहरण आहेच, कारखान्यात तापमान डोळ्यांनी अंदाजे ठरवलं जायचं, त्यामुळे काही रिसीव्हर जास्त तापून ठिसूळ झाले, आणि म्हणून स्प्रिंगफील्डच्या 8,00,000 च्या खालच्या नंबरांच्या रायफली आजही झाडू नका असं सांगतात.

क्रमाची चूक तर सगळ्यात जास्त जीवाला लागते, कारण त्यात चांगलं लाकूड फुकट जातं. एसएमएलई म्हणजे ली-एनफिल्ड नंबर 1 चा मागचा दस्ता काढायचा असेल तर पुढचं लाकूड आधी काढावंच लागतं. दस्त्याच्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं, तुम्ही मागून फिरवलात की ते आतून लाकूड चिरतं. बोल्ट घट्ट लागतोय म्हणून लोक अजून जोर लावतात आणि मग कट्कन आवाज येतो. बऱ्याच माउजर (जर्मन बनावटीच्या) रायफलींमध्ये तसंच, ट्रिगर गार्डच्या मोठ्या स्क्रूंच्या शेजारी छोटे लॉक स्क्रू असतात, ते आधी काढा.

नळीत रॉड किंवा चिंधी अडकली तर गोळी झाडून बाहेर काढू हा विचार डोक्यातून काढून टाका, नळी फुटते. तेल सोडा आणि नीट बसणाऱ्या रॉडने ज्या बाजूने आत गेली त्याच बाजूने बाहेर येईल असं ढकला. जुनी प्रायमरवाली सरप्लस काडतुसं झाडली असतील तर त्यात बऱ्याचदा पोटॅशियम क्लोरेट असतं, मागे उरतं ते मीठ, आणि मीठ तेलाने जात नाही. त्याच दिवशी गरम पाणी ओता, मग कोरडं करून तेल.

सगळं जोडल्यावर बोल्ट आणि रिसीव्हरचे नंबर जुळतात का बघा. जुळत नसतील, किंवा ली-एनफिल्ड नंबर 4 चं बोल्ट हेड बदललेलं असेल (ती 0 ते 3 अशा मापांत येतात), तर गेज लावून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमधलं काडतुसासाठीचं अंतर) तपासून घ्या आणि तोपर्यंत फक्त डमी काडतुसं चालवा.