कोड्यात टाकणारे भयपट मित्रासोबत उलगडताना: या चुका टाळा

अर्थ उघडा ठेवणाऱ्या भयपटावर दोन मित्र तासभर वाद घालतात आणि शेवटी लक्षात येतं, की एकाने कडी सरकताना ऐकली होती आणि दुसऱ्याच्या कानावर ती पडलीच नव्हती. बरेचसे वाद असेच असतात. म्हणून अर्थाकडे जाण्याआधी दोघांनी एकच सिनेमा, एकाच आवाजात आणि एकाच उजेडात पाहिला का, ते तपासा.

प्रत, आवाज, उजेड

एकाने गावात मोबाईलवर आणि दुसऱ्याने नागपूरला खोलीवर पाहून मग फोनवर चर्चा करायची असेल, तर आधी लांबी जुळवून घ्या. 'द शायनिंग' (१९८०) अमेरिकेत १४४ मिनिटांचा आहे, युरोपात दाखवलेली प्रत ११९ मिनिटांची. 'पझेशन' (१९८१) मूळ १२४ मिनिटांचा. अमेरिकेत तो जवळजवळ एक तृतीयांश कापून दाखवला गेला. कापलेल्या प्रतीत दुवे गळून पडतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, दिग्दर्शकाने मुद्दाम गूढ ठेवलं.

दुसरी चूक फार घरगुती आहे: एक इअरफोन, एक कान तुझा, एक माझा. स्टिरिओमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूला वेगळा आवाज असतो, त्यामुळे दोघांच्याही वाट्याला अर्धाच येतो. मागून येणारी कुजबुज एकालाच ऐकू येते आणि दुसरा म्हणतो, "असं काही नव्हतं बे." मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी'त 'मोनो ऑडिओ' चालू करा, म्हणजे दोन्ही कानांत सगळं येईल. आवाजाची दिशा जाईल, पण निदान दोघांचं ऐकणं सारखं होईल. त्याहून बरं म्हणजे एका पिनेचे दोन करणारा स्प्लिटर आणि दोन इअरफोन.

एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय बसणं शक्य नाही, आणि लोखंडी कूलरची घरघर नेमके खालचे सूर गिळते. 'इरेझरहेड' (१९७७) मध्ये यंत्रांचा दबका घोंगावणारा आवाज जवळजवळ सतत चालू असतो आणि अर्धी भीती त्यातच आहे. लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरमधून तो सूर निघतच नाही. कूलर चालूच ठेवायचा असेल तर कान पूर्ण झाकणारे हेडफोन वापरा, नाहीतर असा सिनेमा हिवाळ्यासाठी राखून ठेवा.

उजेडाचंही तसंच. टिनाच्या फटींतून ऊन येत असताना दुपारी काळोखाचे सिनेमे पाहू नका. मोबाईलचा 'ऑटो ब्राइटनेस' बंद करा, टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड काढा. डेटा वाचवायला ३६० किंवा ४८० पिक्सेलची प्रत उतरवली तर काळ्या भागात चौकोनी ठिपके हलू लागतात. 'स्किनामारिंक' (२०२२) सारख्या, अंधारे कोपरे आणि रवाळ चित्र यांवरच उभ्या असलेल्या सिनेमात हे ठिपके चेहऱ्यासारखे दिसतात. 'कोपऱ्यात कोणीतरी उभं होतं' असं एकाला ठाम वाटलं, तर तेवढाच तुकडा चांगल्या प्रतीत पाहून खात्री करा. रेंज कमी असेल तर तालुक्याला गेल्यावर १०८० पिक्सेलची प्रत उतरवून आणा.

'द लाइटहाउस' (२०१९) ची चौकट जवळजवळ चौरस आहे, रुंदी-उंची १.१९ ला १. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या खटकतात म्हणून बोटांनी चित्र ताणून पडदा भरू नका. वरचा-खालचा भाग कापला जातो आणि दिग्दर्शकाने ठरवून आणलेली कोंडी संपते.

हिंदी डबिंग टाळा. मूळ संवादात 'तो' किंवा 'ते काहीतरी' एवढंच असतं, डबिंगवाला तिथे 'चुडैल' म्हणून मोकळा होतो आणि दिग्दर्शकाने उघडी ठेवलेली शक्यता बंद होते. सबटायटल पुढेमागे होत असतील तर संगणकावर व्हीएलसीमध्ये 'जी' आणि 'एच' या कळांनी ती ५० मिलीसेकंदांच्या टप्प्याने सरकवता येतात.

मध्येच लाईन गेली तर

रात्रभर झाडीपट्टीचं नाटक पाहणाऱ्याला अडीच तास बसणं जड नाही. अडचण खंडाची असते. लाईन गेली, किंवा रब्बीत शेताला रात्रपाळीची लाईन आली आणि मित्राला हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात जावं लागलं, तर थांबलेली वेळ लिहून ठेवा आणि प्रसंग जिथे सुरू झाला तिथपर्यंत मागे जाऊन पुन्हा सुरू करा. असे सिनेमे हळूहळू दाब वाढवतात. नेमक्या सेकंदापासून सुरू केलं तर तो दाब नसतो आणि पुढचा धक्का पोकळ वाटतो. मधल्या वेळेत चर्चा करू नका. आणि कोणाला डुलकी लागली असेल तर ते सरळ सांगा. तेवढी मिनिटं परत पाहिल्याशिवाय त्या भागावर मत देऊ नका.

बोलण्याआधी लिहा

सिनेमा संपल्याबरोबर बोलायला लागणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. जो आधी बोलतो त्याचं मत दुसऱ्याच्या आठवणीवर चढतं. दहा मिनिटं गप्प बसा. प्रत्येकाने आपल्या कागदावर दोन रकाने करावेत: 'दिसलं-ऐकलं' आणि 'वाटलं'. पहिल्यात पाचच गोष्टी, शक्य तर वेळेसकट. "बाईने आरशात पाहिलं नाही" हे पहिल्या रकान्यात, "बाई मेलेली आहे" हे दुसऱ्यात. मग कागद बदला. आधी पहिला रकाना जुळवा, जिथे जुळत नाही तो तुकडा पुन्हा लावा. दोघांपैकी एकाने सिनेमा आधी पाहिला असेल, तर पहिल्यांदा पाहणाऱ्याने आधी बोलावं.

'एंडिंग एक्सप्लेन्ड' छापाचे व्हिडिओ या टप्प्यानंतरच, तेही दोघांनी मिळून.

"सपन होतं" आणि "सगळं त्याच्या डोक्यात"

ही दोन उत्तरं फार लवकर येतात. ती चूक असतीलच असं नाही, पण त्यांना तीन प्रश्न विचारा. स्वप्न कोणाचं? कुठल्या क्षणापासून सुरू झालं? सिनेमातली कुठली गोष्ट त्या स्वप्नाबाहेर आहे?

'मलहॉलंड ड्राइव्ह' (२००१) बद्दल स्वप्नाचं वाचन टिकतं, कारण पुरावा पडद्यावर आहे. सुरुवातीलाच जड श्वासोच्छ्वास ऐकू येतो आणि कॅमेरा उशीत शिरतो. पुढे तेच चेहरे वेगळ्या नावांनी परत येतात. दिग्दर्शक डेव्हिड लिंचने या सिनेमाच्या डीव्हीडीसोबत दहा सूचना दिल्या होत्या. पहिली सुरुवातीकडे लक्ष देण्याची, दुसरी लाल लॅम्पशेड कधी दिसते ते पाहण्याची. अर्थ त्याने सांगितला नाही, नजर कुठे ठेवायची ते सांगितलं. 'इरेझरहेड' या त्याच्याच सिनेमाबद्दल तर त्याने खुलासा करणं कायम टाळलं.

'द शायनिंग'मध्ये मात्र 'सगळं जॅकच्या (म्हणजे नायकाच्या) डोक्यात' हे वाचन एका दाराशी अडतं. बायको त्याला सामानाच्या कोठडीत बंद करते आणि बाहेरून कडी लावते. पुढे ती कडी सरकल्याचा आवाज येतो आणि तो बाहेर पडतो. कडी कोणी काढली? वेड्या माणसाचा भास एवढ्याने हे दार उघडत नाही. मित्राचं मत पाडण्याऐवजी त्याला विचारा, "तुझ्या अर्थात ही कडी कुठे बसते?" तोच प्रश्न स्वतःच्या मतालाही विचारा.

लाल म्हणजे रक्त, पाणी म्हणजे मन, असा तयार कोशही बाजूला ठेवा. वस्तू पहिल्यांदा कुठे दिसली, पुन्हा दिसली तेव्हा काय बदललं होतं, एवढंच टिपा.

काही सिनेमांत तर अर्थ शोधणं हीच चूक ठरते. 'अँ शियाँ आंदालू' (१९२९) लिहिताना दिग्दर्शक बुन्युएल आणि चित्रकार दालीने, तर्काने उलगडता येईल अशी कोणतीही प्रतिमा ठेवायची नाही, असा नियमच केला होता. तळहातातून मुंग्या का निघतात, हे विचारून हाती काही लागत नाही. चंद्रावरून ढगाची रेघ जाते आणि लगेच डोळ्यावरून वस्तरा फिरतो, ही जोडणी आपल्या अंगावर काय करते, ते बोला.

आपला चकवा, त्यांची भुतं

गावाकडच्या प्रेक्षकाकडे एक मोठी शिदोरी आहे. रात्री वावरात लागणारा चकवा, पिंपळावरचा मुंजा, अंगात येणं, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं असतं. भीती कानोकानी कशी पसरते, हे त्याला शिकवावं लागत नाही. कोरियन दिग्दर्शक ना होंग-जिनचा 'द वेलिंग' (२०१६, १५६ मिनिटं) म्हणूनच इथे चटकन भिडतो: एक गाव, एक परका माणूस, विचित्र आजार आणि बोलावून आणलेला मांत्रिक.

पण चूकही इथेच होते. कोरियन मांत्रिकाचा 'गुत' विधी म्हणजे आपल्याकडची उतरवणी नव्हे, आणि डोंगरातला तो परका जपानी आहे, यामागे कोरियावरच्या जपानी सत्तेची (१९१० ते १९४५) आठवण आहे. ती निसटली की गावकऱ्यांचा संशय नुसता गावठीपणा वाटतो. शिवाय मांत्रिकाचा विधी आणि परक्याचा विधी आलटून पालटून जोडल्यामुळे आपण गृहीत धरतो, की दोघं एकमेकांविरुद्ध लढताहेत. हे गृहीतक एडिटिंगमधल्या जोडणीतून तयार झालेलं आहे. तो प्रसंग पुन्हा लावा आणि कोणाचा घाव कोणाला लागतो, हे प्रत्येक तुकड्यानंतर थांबून लिहा.

अशा सिनेमावर पारावर बोलताना गावातल्या कोणा बाईचं नाव गमतीतही जोडू नका. करणीचा संशय इथे माणसाचा जीव घेऊ शकतो, आणि जादूटोण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा महाराष्ट्रात त्यासाठीच करावा लागला.

चर्चा गोल फिरू लागली तर

तीन मिनिटांचा एकच प्रसंग निवडा. एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा पडदा झाकून नुसता ऐका, मग एकत्र. त्यानंतर ठरवा, की सिनेमाने माहिती लपवली आहे, की दोन स्पष्टीकरणं बरोबरीने उभी केली आहेत, की इथे स्वप्नासारखंच एकातून एक निघतंय. पहिल्या प्रकारात हुकलेला दुवा शोधा, तिसऱ्यात जोडण्या पाहा. दुसऱ्या प्रकाराबद्दल साहित्याचा अभ्यासक त्झ्वेतान तोदोरोवने १९७० साली मांडलं होतं, की नैसर्गिक आणि अलौकिक यांच्यामधली घुटमळ हाच अद्भुत साहित्याचा प्राण आहे. तिथे निकाल लावायची घाई नको. दोन्ही अर्थ लिहा आणि प्रत्येकासमोर त्याला सर्वांत जास्त अडचणीत आणणारा प्रसंग वेळेसकट नोंदवा. दुसऱ्यांदा पाहायला बसाल तेव्हा कागद बदला: मित्राच्या अर्थाचे पुरावे तुम्ही शोधायचे, तुमच्या अर्थाचे त्याने.