होळीआधी सायकल ट्रेलवर, म्हणजे कच्च्या वाटेवर, काढताय? मग आधी हे बघा

ठाण्यात थंडी नावालाच असते, तरी डिसेंबर-जानेवारीत लग्नं, हुरडा, गावची जत्रा यात माझी सायकल पार्किंगमध्ये कबुतरांच्या ताब्यात जाते. मग फेब्रुवारीत येऊरच्या बाजूला पळस फुललेला दिसतो आणि हुक्की येते. होळी जळाली थंडी पळाली म्हणतात, म्हणजे आपल्याला जेमतेम पाच-सहा आठवडे, एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच डोकं तापतं. म्हणून सगळे घाई करतात आणि आपटतात, मी पण आपटलोय.

पहिलं टायर. ट्यूबलेस असेल तर नुसती हवा भरून निघू नका, आतलं सीलंट, म्हणजे भोकं आपोआप बुजवणारं पातळ रसायन, दोन ते सहा महिन्यांत सुकतं आणि आपल्या उकाड्यात तर लवकरच. चाक काढून कानाशी हलवा, आत चुळूकचुळूक ऐकू आलं पाहिजे. माझ्यात काहीच नाही, टायर उघडलं तर वाळलेल्या सायीसारखा पापुद्रा, नखाने सोलत बसलो अर्धा तास. 29 इंची चाकाला साधारण 100 मिली नवं ओता.

साखळी झिजून लांबलीय का ते मोजायला दुकानात जायची गरज नाही, शाळेतली 12 इंची पट्टी घ्या. एक पिन शून्यावर धरली की 12 वर बरोबर पिन यायला हवी, ती अर्धा सूत पुढे सरकली असेल तर साखळी बदला, नाहीतर कॅसेट, म्हणजे मागच्या चाकाची गिअरची दातेरी चक्रं, पण खाते आणि ती महाग. तेल ड्राय वालंच टाका, पावसाळ्यातलं जाड तेल लाल धुळीत पॉलिश पेपरचं काम करतं. ब्रेक दाबून बघा, लिव्हर हँडलला टेकत असेल तर मेकॅनिककडे.

आता खरी गंमत जमिनीची. पावसाळ्यात चिखलात आपण आपोआप जपून चालवतो, पण या दिवसांत वाट कोरडी, छान दिसते आणि फसवते. खाली टणक जमीन, वर मुरमाचे बारीक खडे, म्हणजे फरशीवर ज्वारी सांडल्यासारखं, आणि त्यावर सागाचा पाचोळा. गेल्या वर्षी अशाच पाचोळ्याखाली नारळाएवढा दगड होता, मी वळणातच पुढचा ब्रेक दाबला, कोपर सोललं आणि ऑफिसात आठवडाभर फुल शर्ट. ब्रेक वळणाच्या आधी सरळ असतानाच मारून घ्या, वळणात सोडा. हवा पण कमी ठेवा, 70 किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये 26-28 पीएसआय पुरे, ट्यूब असेल तर 32 च्या आसपास, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर.

पहिले दोन रविवार ट्रेल नकोच, येऊरचा डांबरी चढ किंवा खारघरच्या टेकडीचा रस्ता, तास-दीड तास, बास. फुप्फुसं सायकलपेक्षा जास्त गंजलेली असतात. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, रस्ता सोडून वनखात्याला न विचारता आत शिरू नका, आणि अंधारात तर नाहीच, पहाट बिबट्याची. फेब्रुवारीअखेर सातच्या आसपास उजाडतं, तेव्हाच निघा. दोन बाटल्या पाणी, एकीत मीठ-साखर-लिंबू.

आणि घरी आल्यावर मोज्यांतली कुसळं बाल्कनीत बसून एकेक उपटा, तसेच मशीनला टाकलेत तर ती सगळ्या घराच्या कपड्यांत जातात, आईच्या साडीत सुद्धा, आणि मग पुढच्या रविवारची परवानगी वनखात्याकडे मागायची नसते.