मेगाफ्राग्मावर काम करायचंय? आधी फुलकिडे शिका

मेगाफ्राग्मा या अतिसूक्ष्म गांधीलमाशीकडे बहुतेक जण मेंदूची गोष्ट ऐकून येतात. मीही तसाच आलो. २०१२ मध्ये रशियन कीटकशास्त्रज्ञ अलेक्सेई पोलिलोव यांनी दाखवलं की मेगाफ्राग्मा मायमारीपेन या परजीवी गांधीलमाशीच्या अख्ख्या चेतासंस्थेत जेमतेम ७,४०० चेतापेशी असतात आणि त्यांतल्या सुमारे ९५ टक्के पेशींना केंद्रकच नसतं. कोषावस्थेच्या शेवटी ती केंद्रकं नाहीशी होतात. माशीची लांबी ०.२ मिलिमीटर, म्हणजे एकपेशीय पॅरामेशियमएवढी. तरी ती उडते आणि यजमान (ज्याच्यावर तिची अळी पोसते तो जीव) हुडकून त्यात अंडी घालते!

प्रत्यक्षात तुमचे सुरुवातीचे महिने पानं न्याहाळण्यात जातील. मेगाफ्राग्माची अळी फुलकिड्यांच्या (थ्रिप्स या बारीक किडींच्या) अंड्यात वाढते आणि फुलकिडे अंडी पानाच्या पेशीजालात खुपसतात. त्यामुळे माशीमागे धावू नका. नेहमीच्या जाळीच्या भोकांतून ती सहज निसटते. चंदेरी चट्टे आणि विष्ठेचे काळे ठिपके असलेली पानं आणा, भिंगाखाली अंड्यांचे फुगवटे शोधा आणि पानं बंद डबीत ठेवा. डबीत ओल जास्त झाली तर बुरशी येते, कमी पडली तर पान वाळतं आणि आतलं सगळं मरतं. हा तोल पुस्तकातून येत नाही. प्रौढ माशी थोडेच दिवस जगते, म्हणून डबी रोज बघायची. सुट्टीच्या दिवशीही.

माशी चिमट्याने उचलू नका. बारीक कुंचल्याचं ओलं टोक पुरतं. हवेत वाळवली तर ती चुरगळते, म्हणून थेट अल्कोहोलमध्ये. पुढे लवंगतेल आणि कॅनडा बाल्सम ही पारदर्शक राळ वापरून कायमची स्लाइड. पायांच्या टोकाचे तीन खंड, पंखांची लांब झालर, स्पृशांचे (डोक्यावरच्या मिशांचे) खंड हे सगळं स्लाइडवरच नीट दिसतं. माझ्या मते या क्षेत्रात माणसाची पारख स्लाइडवरून होते, पदवीवरून नाही. हात बसवायला याच कुळातली ट्रायकोग्रामा घ्या. ती तुलनेने मोठी, पिकांवरच्या किडींच्या नियंत्रणासाठी मोठ्या प्रमाणावर वाढवली जाते, त्यामुळे सहज मिळते.

मार्गदर्शक निवडताना एक प्रश्न जरूर विचारा: फुलकिड्यांची ओळख पटवणारं कोणी जवळ आहे का? यजमानाचं नाव नसलेली नोंद अर्धीच ठरते.

मेंदूच ज्यांना खुणावतो त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरून मेगाफ्राग्माच्या चेताजोडण्यांचा नकाशा काढण्याचं काम चालतं. तिथे कुंचल्यापेक्षा प्रोग्रॅमिंग जास्त लागतं.