युद्ध पेटलंय आणि पोरगं तिकडेच अडकलंय, तर काय करायचं

आपल्याकडची कितीतरी पोरं मेडिकलसाठी बाहेर जातात म्हणून लिहितोय, उदाहरण २०२२ च्या युक्रेनचं.

आधी हे लक्षात ठेवा, पहिली ॲडव्हायझरी मवाळच असते. १५ फेब्रुवारीला कीवमधल्या आपल्या एम्बसीने एवढंच सांगितलं होतं की थांबणं गरजेचं नसेल तर तात्पुरतं निघायचा विचार करा. २४ तारखेला हल्ला झाला आणि विमानंच बंद. त्यामुळे तसलं काही वाचलं की तिकीट काढा, सेमिस्टर बुडलं तर बुडलं, अन् घरच्यांनीही फीचं गणित मांडत बसू नये.

नाहीच निघता आलं तर सायरन वाजला की तळघर नाहीतर मेट्रो स्टेशन. तेवढा वेळ नसेल तर तिकडे लोक दोन भिंतींचा नियम पाळतात, म्हणजे तुम्ही आणि बाहेर यांच्यामध्ये निदान दोन भिंती हव्यात, पहिली स्फोटाचा दणका खाते आणि तिचे उडालेले तुकडे, काचा दुसरी अडवते. बिनखिडकीचा पॅसेज बेस्ट, खिडकीत उभं राहून व्हिडिओ काढणं म्हणजे शुद्ध येडेपणा. सैनिक, चेकपोस्ट यांचे फोटो तर अजिबात नको, हेर समजून उचलतील.

नळाला पाणी आहे तोवर बादल्या भरून ठेवा, सुकं खाणं आधीच साठवा, कारण खारकीवमध्ये १ मार्चला आपला एक विद्यार्थी किराणा आणायला बाहेर पडला होता तेव्हाच गोळाबारात गेला. पासपोर्ट आणि कॅश बॅगेत नाही, अंगावर. मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा.

बॉर्डरकडे मनाने पळू नका. एम्बसीने तेव्हा सांगितलं होतं की आधी विचारल्याशिवाय कुठल्याच चौकीवर जाऊ नका, तरी पोरं गेली आणि पोलंडच्या बॉर्डरवर थंडीत ताटकळली. सुमी शहरात अडकलेल्या ७०० च्या आसपास पोरांना तर ७ मार्चला बसमध्ये बसवून परत उतरवलं, सुरक्षित वाट मिळाली नव्हती, दुसऱ्या दिवशी निघाली. असं होतं, हट्टाने चालत सुटायचं नाही.

आईबाबांनी दर अर्ध्या तासाला कॉल करू नये, बॅटरी जाते. एकाच माणसाने मेसेज टाकायचा, बाकीच्या मावश्या-काकांना त्याने कळवायचं.